दिव्याचे दोन ठिपके

माझ्याकडे एक खाकी पाकीट आहे. त्यात माझे सतरा फोटो आहेत. एक सोडला तर सगळे एकाच स्टुलावर बसून, एकाच भिंतीसमोर, एकाच अंतरावरून काढलेले. पहिल्या फोटोत मी सात वर्षांची आहे, शेवटच्यात तेवीसची. ते ओळीने मांडले की चेहऱ्याची डावी बाजू उजवीच्या मागे कशी राहत गेली ते दिसतं. डाव्या डोळ्याखालचं हाड कमी वाढलं, खोबण लहान राहिली, भुवई जरा आत गेली. पण डोळा जागेवर आहे, आणि मी आहे. या दोन्ही गोष्टी ज्यांच्यामुळे आहेत त्या माणसाचं ऋण मला लिहून ठेवायचं आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. सगळं गावच म्हणायचं.

पिंपळगाव राजाला एसटी स्टँडजवळ चाचांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे काउंटर, मागे काळ्या पडद्याआड डार्करूम, भिंतीवर रंगवलेलं तळं आणि त्यात दोन हंस. मधे एक फिरतं लाकडी स्टूल. कॅमेरा कुठे उभा करायचा त्याची खूण म्हणून फरशीवर लाल रंगाची रेघ मारलेली होती. खामगाव तालुक्यातल्या आमच्या भागात तेव्हा फोटो ही सहज काढायची गोष्ट नव्हती. शाळेचा फॉर्म, लग्न जुळवणं, नाहीतर घरातलं कुणी फार म्हातारं झालेलं, अशी काही कारणं लागायची. चाचा याशिका कॅमेऱ्याच्या भिंगात वाकून बघत म्हणायचे, "हिलना नहीं बेटा. इकडं पाय. श्वास रोखून धर." आमच्या वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे पाहा. शहरातल्या नातेवाइकांची पोरं हे ऐकून स्वतःच्या पायाकडे बघायची.

१९९६ च्या जूनमध्ये शाळेसाठी माझा फोटो काढला. मग राखीच्या दिवशी मी आणि माझा भाऊ, असा दुसरा. तो बाबांचा दरवर्षीचा नेम होता. कापसाला भाव मिळो न मिळो, राखीचा फोटो व्हायचाच.

त्या राखीच्या सुमाराला माझी डावी पापणी जड दिसायला लागली होती. दुखत नव्हतं, त्यामुळे माझं काही अडत नव्हतं. घरात प्रत्येकाकडे एक कारण होतं. भाऊ म्हणाला, खेळताना हिला कुडाच्या पऱ्हाटीचा फोक लागला. ते खरंही होतं, लागला होता. आजीने दृष्ट काढली, रात्री दुधात भिजवलेली घडी ठेवली. दवाखान्यात सांगितलं, आत पू झालाय, आठ दिवस गोळ्या आणि थेंब. मी मोठेपणी या आजारावर जेवढं मिळालं तेवढं वाचलं आहे, आणि आता त्यातल्या कुणालाच दोष द्यावासा वाटत नाही. लहान मुलाचा डोळा सुजला तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्गच असतो. मार लागल्याची आठवण तर या आजाराच्या कितीतरी मुलांच्या घरी सांगतात, कारण सात वर्षांच्या पोराला काही ना काही लागलेलं असतंच. मार आजार आणत नाही. तो लक्ष मात्र वेधून घेतो, आणि भलत्याच ठिकाणी नेऊन ठेवतो.

चाचांचा रोल संपायला, मग धुवायला काही दिवस गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते सायकलवरून आमच्या घरी आले. बाबा ओट्यावर बैलांच्या शिंगांना लावायचा रंग कालवत बसले होते. चाचांनी दोन फोटो ओट्यावर ठेवले. फोटो लहान मागितले होते, त्यांनी चेहरा मोठा करून छापले होते. भावाच्या कंपासपेटीतली पट्टी मागून घेतली.

"भाऊ, हे पाहा. फोटो काढतानी समोरचा दिवा दोन्ही डोळ्यात दिसते. बाहुलीवर पांढरा ठिपका पडते. दोन्ही ठिपके एका ओळीत पायजेत. हा जूनचा फोटो. ठेवा पट्टी."

बाबांनी ठेवली. ठिपके ओळीत होते.

"आता राखीचा."

डावा ठिपका पट्टीच्या खाली गेला होता. फार नाही. तांदळाच्या कणीएवढा.

"सूज हाय ना चाचा. औषध चालू हाय," बाबा म्हणाले.

"सूज पापणीले येते भाऊ. पापणी सुजली म्हणून डोळा जागा नाही सोडत. याले मांगून कोणतरी ढकलून राह्यलं."

हे वाक्य मला आठवतंय की आईने शंभरदा सांगितल्यामुळे आठवल्यासारखं वाटतंय, हे आता ठरवता येत नाही. पण चाचांनी जे पाहिलं ते नेमकं होतं. डोळ्यांवर उजेड टाकून त्याचं प्रतिबिंब दोन्हीकडे सारखं पडतंय का, हे डोळ्यांचे डॉक्टरही पाहतात. त्या परीक्षेला हिर्शबर्ग चाचणी म्हणतात. चाचा सातवी शिकलेले होते आणि हे नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी वीस वर्षं माणसांचे डोळे भिंगातून पाहिले होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी पोळा. बैल सजवायचे सोडून बाबा निघणार नव्हते आणि चाचा थांबणार नव्हते. शेवटी बैल काकांच्या हवाली झाले. चाचांनी दुकानाला कुलूप लावलं आणि आम्ही तिघं अकोल्याला गेलो. तिथल्या डॉक्टरांनी फोटो बराच वेळ पाहिले. मग ते माझ्या खुर्चीच्या मागे उभे राहिले, माझं डोकं मागे कलतं केलं आणि वरून, कपाळावरून खाली पाहिलं. एक डोळा दुसऱ्यापेक्षा पुढे आलाय का ते असं पाहिलं की लगेच कळतं. सीटी स्कॅनमध्ये खोबणीच्या वरच्या आणि नाकाकडच्या कोपऱ्यात गाठ दिसली. डॉक्टर म्हणाले, ही गाठ दिवसादिवसाने वाढते, महिने मोजू नका, टाटाला न्या.

त्या गाठीचं नाव रॅब्डोमायोसार्कोमा. सार्कोमा म्हणजे हाडं, स्नायू, चरबी अशा आधार देणाऱ्या ऊतींचा कॅन्सर. यातला हा प्रकार स्नायू बनण्याच्या वाटेवर असलेल्या, पण पूर्ण न घडलेल्या पेशींचा. तो मुख्यतः लहान मुलांना होतो आणि फार क्वचित होतो: दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण चार-पाच. त्यातला दहातला एखादाच डोळ्याच्या खोबणीत उगवतो. आईवडिलांच्या कुठल्या चुकीने तो होत नाही. हे वाक्य मी आईला अनेकदा वाचून दाखवलं आहे. पऱ्हाटीचा तो कूड तिने त्याच वर्षी काढून टाकला होता.

मुंबईला निघताना पैशाचा प्रश्न होताच. आज महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे. तिची सुरुवात २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने झाली. आमच्या वेळी असं काही नव्हतं. बाबांनी कापूस उभा असतानाच व्यापाऱ्याकडून उचल घेतली, आईच्या पाटल्या गेल्या. चाचांनी डार्करूमसाठी नवा एन्लार्जर घ्यायला साठवलेले पैसे वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. बाबांनी ते दोन हंगामांनंतर दोन हप्त्यांत फेडले. चाचांनी मोजून घेतले आणि दहाची एक नोट माझ्या हातात ठेवली. पैशाचं ऋण असं फिटलं. ते फिटू दिलं, मोजून घेतले, याचंही मला आता मोल वाटतं. नाहीतर बाबांना त्यांच्या डोळ्याला डोळा देता आला नसता.

जवळ स्टेशन नांदुऱ्याचं, पण बाबांनी शेगाव धरलं, गजानन महाराजांचं दर्शन घेऊन विदर्भ एक्सप्रेसला बसायचं म्हणून. दादरला उतरलो तेव्हा आईने पदराने माझा डावा डोळा झाकला होता. लोक बघू नयेत म्हणून.

टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. सर दोराबजी टाटांची पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेली. त्या दुःखातून परळची ही इमारत उभी राहिली. तिथल्या पहिल्या दिवसाचं मला आठवतं ते एवढंच, की कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. कुणाच्या गळ्याला नळी, कुणाचा जबडा नाही, केस नसलेली पोरं व्हरांड्यात गाडी गाडी खेळतायत. आईने पदर काढला.

उतरायला दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा मिळाली. आईला तिथे धीर आला त्याचं कारण वेगळंच होतं. गाडगेबाबा शेंडगावचे, अमरावती जिल्ह्यातले. "आपल्या वऱ्हाडाचेच ना," ती म्हणाली, जणू सासरच्या गावाचं कुणी भेटलंय. खराटा घेऊन गावं झाडणाऱ्या त्या माणसाने देवळं बांधली नाहीत, धर्मशाळा बांधल्या. त्याचा अर्थ आम्ही तिथल्या फरशीवर सतरंजी टाकून शिकलो. शेजारी सोलापूरकडच्या एक मावशी होत्या, यजमानांच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी आलेल्या. फाइल कुठे लावायची, कोणत्या खिडकीवर सकाळी सहाला उभं राहायचं, सोशल वर्करताईंना काय सांगायचं, रेल्वेच्या सवलतीचा कागद कुठे मिळतो, हे सगळं त्यांनी आईला शिकवलं. एके दिवशी आम्ही केमो घेऊन परत आलो तर त्यांची जागा रिकामी होती, सतरंजीही नव्हती. आईने त्यांचा पत्ता कधी विचारलाच नव्हता. आज ती सत्तरीला आली आहे, अजून तेच म्हणते: पत्ता विचारायचा राहिला.

पापणीच्या घडीतून छेद घेऊन गाठीचा तुकडा काढला, तपासला. छातीचं स्कॅन, मणक्यातून काढलेलं पाणी, मज्जेची तपासणी झाली. आजार खोबणीबाहेर गेला नव्हता. बाबा मात्र एकच गोष्ट ऐकायला आले होते आणि ऐकायला घाबरत होते. गावात कुणीतरी सांगितलं होतं की डोळा काढतात. त्यांनी डॉक्टरांना विचारलं तेही माझ्याकडे पाठ करून. डॉक्टर म्हणाले, "पूर्वी काढत होते. आता आधी औषध आणि रेडिएशन. डोळा राहील असा प्रयत्न आहे."

त्या 'पूर्वी'चा अर्थ मला फार उशिरा कळला, आणि माझ्या ऋणाच्या वहीतलं सगळ्यात मोठं पान तिथे आहे. १९६० च्या दशकापर्यंत या आजारावर शस्त्रक्रिया हाच मुख्य इलाज होता. नुसता डोळा नव्हे, खोबणीतलं सगळंच काढून टाकायचे. एवढं करूनही तीन मुलांतलं जेमतेम एक वाचायचं. आजार इतका दुर्मिळ की कुठल्याही एका हॉस्पिटलला शिकण्यापुरती मुलंच मिळेनात. म्हणून १९७२ साली अमेरिकेतल्या वेगवेगळ्या गटांनी आपापली मुलं एकाच अभ्यासात घेतली. कुणाला कोणतं औषध, किती दिवस, रेडिएशन किती, कुणाला नको, हे एकमेकांशी ताडून पाहिलं. अभ्यासामागून अभ्यास होत गेले. आज खोबणीपुरता असलेला, माझ्या प्रकारचा आजार दहांतल्या नऊहून जास्त मुलांत बरा होतो, बहुतेकांचा डोळा राखून. १९९६ साली परळला बाबांना जे एक वाक्य ऐकायला मिळालं, ते त्या मुलांनी आपल्या अंगावर घेऊन तयार केलं होतं. त्यांची नावं मला माहीत नाहीत. डोळा गमावून वाचलेली, आणि डोळा गमावूनही न वाचलेली. चाचांना मी निदान चहा तरी दिला.

औषधं तीन होती. विनक्रिस्टीन सदाफुलीतून येतं. आमच्या अंगणात तुळशीच्या मागे सदाफुलीची रांग होती. आजी साखरेवर म्हणून सकाळी दोन फुलं चघळायची. शास्त्रज्ञही त्या झाडाकडे मधुमेहाचं औषध शोधायलाच गेले होते. साखरेवर उपाय सापडला नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होताना दिसल्या. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ग्रॅमभर औषध निघतं. दुसरं अॅक्टिनोमायसिन, सोनेरी पिवळ्या रंगाचं, मातीतल्या सूक्ष्मजीवापासून १९४० साली सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत मिळालेलं. तिसरं सायक्लोफॉस्फमाइड, त्याच्या पूर्वजांत युद्धातला विषारी वायू आहे. ते दिलं की लघवीच्या पिशवीला इजा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यावं लागायचं. आई तांबे मोजायची आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघा मारायची.

सोपं नव्हतं. केस गेले, तोंड आलं, जबडा दुखायचा. विनक्रिस्टीनने पाय असे झाले की चालताना पाऊल फटकन पडायचं. शिरा सापडेनाशा झाल्या. एक सिस्टर होत्या, त्या माझा पाय आपल्या मांडीवर घेऊन, गरम पाण्याचा कपडा ठेवून, गप्प बसून शीर शोधायच्या. त्यांची सुई दुसऱ्यांदा टोचल्याचं मला आठवत नाही.

आणि लाइट. रेडिएशनला तिथे सगळे लाइटच म्हणायचे. गरम पाण्यात मऊ केलेल्या प्लास्टिकच्या जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर दाबून बनवला. तो रोज चढवून टेबलाला पक्का करायचे, मग सगळे खोलीबाहेर. जाड दार बंद. आठवड्यातून पाच दिवस, असं पंचवीस वेळा. लहान मुलं हलतात म्हणून बऱ्याच जणांना भूल द्यावी लागते. रोज भूल म्हणजे रोज उपाशी राहणं आलं. पहिल्या दिवशी तंत्रज्ञ दादांनी विचारलं, न हलता पडशील का? मी म्हटलं, फोटो काढताना बसतात तशी? ते म्हणाले, अगदी तशी.

हिलना नहीं बेटा. इकडं पाय.

मी एकदाही हलले नाही. मला भूल द्यावी लागली नाही. चाचा पाचशे किलोमीटरवर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो धूत बसले असतील.

वर्षभराने उपचार संपले. गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात चाचांनी बोलावलं. डोक्यावर कापसासारखे नवे केस, डाव्या भुवईच्या जागी काहीच नाही. "बैठ," ते म्हणाले. तो तिसरा फोटो. "आता दरवर्षी काढू. जून महिन्यात. डॉक्टरले कामी येईन." पैसे विचारले तेव्हा इतके रागावले की बाबांनी पुन्हा विषय काढला नाही.

आणि खरंच कामी आले. टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक चालतं, डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने ते उभं राहिलं. कॅन्सर गेला की काम संपलं असं नसतं, हे तिथे धरून चालतात. वाढत्या वयात रेडिएशनचे हिशेब पुढे येत राहतात. अकराव्या वर्षी माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला, त्याचं ऑपरेशन झालं. अश्रू कमी झाले, म्हणून आजही दिवसातून चार वेळा थेंब घालते. हाडाची वाढ किती मागे पडतेय ते सांगायला माझ्याकडे लाल रेघेवरून काढलेले फोटो होते. एका डॉक्टर मॅडमनी ते टेबलावर ओळीने मांडले आणि विचारलं, हे कुणी काढले? मी सांगितलं. त्यांनी बाकीच्या डॉक्टरांना बोलावून दाखवले.

नववीत असताना मी फोटो काढायला गेले नाही. वर्गात कुणीतरी काहीतरी बोललं होतं, आणि मला माझा चेहरा कुणाच्याही भिंगात नको होता. जून गेला, जुलै गेला. स्टँडवर जायचं तर मी स्टुडिओच्या बाजूने न जाता मागच्या बोळातून जायचे. चाचांनी ना निरोप धाडला, ना बाबांना विचारलं. दहावीच्या जूनमध्ये मी आपण होऊन गेले. त्यांनी स्टूल पुसलं, दिवा लावला. "हिलना नहीं."

शेवटचा फोटो २०१२ चा, माझ्या लग्नाच्या आधीचा. तोवर त्यांना कमी दिसायला लागलं होतं. त्यांनी माझ्या डोळ्यांतले ठिपके मलाच मोजायला लावले. दोन वर्षांनी ते गेले. मी तेव्हा बाळंतीण होते, शेवटचं पाहायला मिळालं नाही.

मी आता मोताळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. जूनमध्ये फॉर्मबरोबर पोरांचे फोटो येतात. मी पट्टी घेऊन बसते. दोन ठिपके ओळीत आहेत का, एखाद्या बाहुलीत लाल किंवा काळ्याऐवजी पांढरी चमक तर दिसत नाही ना; ती दिसली तर डोळ्याच्या आतला कॅन्सर असू शकतो. इतक्या वर्षांत एका मुलीचा तिरळेपणा सापडला, तिला खामगावला पाठवलं, चष्मा लागला. एवढंच. सहकारी हसत नाहीत आता. तेही आपल्या वर्गाचे फोटो माझ्याकडे आणून देतात.

स्टुडिओच्या जागी चाचांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे. गेल्या दिवाळीत माहेरी गेले तेव्हा त्याने हाक मारली. "आपा, अब्बांच्या सामानात तुमचं काही सापडलं." ते हे खाकी पाकीट. आतल्या प्रत्येक फोटोमागे त्याची निगेटिव्ह चिकटवलेली, आणि वर चाचांच्या अक्षरात वर्ष; मराठीत, खाली उर्दूत. मी दुकानाच्या पायरीवर बसून एकेक काढत गेले. २००१, २००२. मग त्याच आकाराचा एक कोरा फोटो कागद निघाला. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं: २००३. नाही आली.

सगळ्यात खाली जूनची आणि राखीची निगेटिव्ह होती. ती मी उन्हाकडे धरली. निगेटिव्हमध्ये दिव्याचे ठिपके काळे दिसतात. आत पाहिलं, तर काउंटरखाली फरशीवरची लाल रेघ अजून होती, निम्मी झिजलेली. मी मुलाला म्हटलं, तुझ्या मोबाइलवर एक काढ. त्याने स्टूल आणलं, प्लास्टिकचं. मी रेघेवरून अंतर मोजून ठेवलं आणि बसले.